400 यार्डांचं अंतर आणि 40 बिटांचा वेग: लिंक किती भरावी, याचं एक जुनं प्रकरण

ऑक्टोबर 1986. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर 400 यार्ड, म्हणजे साधारण 365 मीटर. रमतगमत चालत गेलं तरी पाच मिनिटांचं. या दोन ठिकाणांमध्ये डेटा 32 केबीपीएस (सेकंदाला 32 हजार बिट) वेगाने जायचा. त्या महिन्यात तो वेग 40 बीपीएसवर आला. किलोबिट नव्हे, नुसते बिट. 10 लाख बाइटांची जी फाइल चार मिनिटांत पोचायची, तिला या वेगाने 55 तास लागले असते. सामान पाठीवर टाकून चालत नेणं सोपं होतं.

गंमत अशी की वाटेतली जोडणी तुटलेली नव्हती आणि रिकामीही नव्हती. ती पॅकेटांनी, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांनी, गच्च भरलेली होती. त्या गर्दीतलं फारच थोडं कामाचं होतं, एवढंच. प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरल्स यांनी या घटनेच्या मुळाशी जाऊन 1988 च्या सिगकॉम या नेटवर्कविषयक परिषदेत जे मांडलं, त्यावर आजचं इंटरनेट उभं आहे. इथे या प्रकरणाकडे एका नेमक्या प्रश्नासाठी पाहायचं आहे, जो प्रत्येक नेटवर्कवाल्याला बजेटच्या वेळी विचारला जातो: लिंक, म्हणजे दोन ठिकाणांमधली जोडणी, किती टक्क्यांपर्यंत वापरलेली चालते? कुणी 50 म्हणतं, कुणी 70, कुणी 80. तिघंही बरोबर असू शकतात, कारण मर्यादा नुसत्या तारेची नसते. तारेच्या दोन टोकांना बसलेली यंत्रं उशीर झाला की काय करतात, यावर ती ठरते.

आधीची परिस्थिती

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या मुख्य लाइन 56 केबीपीएसच्या होत्या. दुसरीकडे विद्यापीठांच्या आत 10 एमबीपीएसचं (सेकंदाला एक कोटी बिट) इथरनेट, म्हणजे जवळजवळची यंत्रं जोडणारं जाळं, आलेलं. दोन्हींच्या वेगात जवळजवळ 180 पटींचा फरक. इथरनेटवरचं यंत्र एका झटक्यात जेवढं ओतायचं, तेवढं पुढे निथळायला वाटेतल्या गेटवेला (दोन जाळी जोडणाऱ्या यंत्राला) कितीतरी वेळ लागायचा. त्या काळचं टीसीपी, म्हणजे डेटा नीट पोचवण्याचं दोन्ही टोकांवरचं सॉफ्टवेअर, जोडणी झाल्याझाल्या खिडकीत (पोचपावतीची वाट न बघता पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेत) मावेल तेवढा सगळा डेटा एकदम पाठवायचं. पलीकडे बोळ आहे की हमरस्ता, याची चौकशी कुणी करत नव्हतं.

धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. जॉन नेगल यांनी जानेवारी 1984 मध्ये आरएफसी 896 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलं होतं की नुसती पॅकेटं पाठवणारं, टोकांनी पुनःप्रेषण करणारं नेटवर्क जास्त भरलं तर कोसळतं आणि कोसळलेल्या अवस्थेत स्थिर राहतं. म्हणजे गर्दीचं मूळ कारण सरलं तरी गर्दी आपोआप ओसरत नाही. हा दोष फारसा कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता, त्याचं कारणही त्यांनी दिलं होतं: अर्पानेटकडे जादा क्षमता होती. कमी भरलेली लिंक टोकांचे दोष झाकते, हे वाक्य क्षमतेचं नियोजन करणाऱ्याने पाठ करावं असं आहे.

रांगेचं गणित

512 बाइट डेटा आणि 40 बाइट हेडर (वर जोडलेली पत्ता वगैरे माहिती), असं 552 बाइटांचं पॅकेट 56 केबीपीएसच्या लाइनवर चढवायला 79 मिलिसेकंद लागतात. लाइन रिकामी असेल तर विलंब एवढाच. पॅकेटं अनियमित येत असतील तर रांग लागते. रांगशास्त्राच्या सगळ्यात साध्या प्रतिमानात एकूण वेळ = चढवण्याचा वेळ ÷ (1 − भार). भार 50 टक्के असेल तर 158 मिलिसेकंद, 75 टक्क्यांना 315, 90 टक्क्यांना 790, 95 टक्क्यांना 1.6 सेकंद. 50 वरून 75 वर जाताना विलंब दुप्पट होतो, आणि 90 वरून 95 वर, नुसत्या पाच टक्क्यांत, पुन्हा दुप्पट होतो. ‘सत्तर टक्क्यांचा नियम’ म्हणतात तो इथून येतो. सत्तरला काही जादू नाही. तिथून पुढे वक्र उभा चढायला लागतो, इतकंच.

पण नुसता विलंब वाढला म्हणून 32,000 चे 40 होत नाहीत. 1.6 सेकंदांचा उशीर कंटाळवाणा असतो, जीवघेणा नसतो. घात केला तो सरासरीने नव्हे, सरासरीभोवतीच्या चढउताराने. भार वाढतो तशी विलंबाची सरासरी वाढते आणि त्याबरोबर त्याचं विचलनही वाढतं. नंतरच्या अशाच एका कोसळण्यात अर्पानेट 75 टक्क्यांवर चालत होतं. जेकबसन आणि कॅरल्स यांच्या हिशेबाने त्या भाराला फेरीचा वेळ (पॅकेट जाऊन त्याची पोचपावती परत येईपर्यंतचा) 16 पटींच्या पट्ट्यात वरखाली होणं अपेक्षितच आहे. एक पोचपावती 100 मिलिसेकंदांत आली, तर पुढची 1,600 मध्ये येऊ शकते, आणि दोन्ही वेळा पॅकेट सुखरूप पोचलेलं असतं.

टायमरने केलेला घोळ

पोचपावती किती वेळात आली नाही म्हणजे पॅकेट हरवलं असं धरायचं? 1981 च्या आरएफसी 793 ने सुचवलेला उपाय असा: फेरीच्या वेळाची सरासरी ठेवा आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणा, जास्तीत जास्त 2 ने. विचलनाचा हिशेब कुठेच नाही. जेकबसन यांनी दाखवलं की 2 ने गुणलेला हा टायमर फार तर 30 टक्के भारापर्यंत टिकतो. त्यापुढे भार वाढला की यंत्र नुसती उशिरा येणारी पॅकेटंही हरवली समजून पुन्हा पाठवतं.

म्हणजे 1986 च्या त्या जोडणीची सुरक्षित मर्यादा 70 टक्के नव्हती, 50 सुद्धा नव्हती. टोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या एका ओळीने ती 30 वर आणून ठेवली होती. तार 56 केबीपीएसची, पण निर्धोक वापर 17 केबीपीएसचा.

30 च्या पुढे काय झालं ते क्रमाने असं. रांग वाढली, पावत्या लांबल्या, टायमर संपले. प्रत्येक यंत्राने आधीच रांगेत उभ्या असलेल्या पॅकेटाची दुसरी प्रत पाठवली, मग तिसरी. रांग आणखी वाढली. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. बफर, म्हणजे रांगेसाठीची जागा, भरल्यावर गेटवे पॅकेटं टाकून द्यायला लागले, तेव्हा जी खरोखर हरवली तीही पुन्हा पाठवावी लागली. प्रत्येक पॅकेट अनेकदा वाहून नेलं जात होतं आणि लाइनचा वेळ मुख्यतः प्रतींवर खर्च होत होता. अशा वेळी लिंकच्या वापराचा ग्राफ काढला तर तो 100 टक्क्यांवर सपाट रेघ दाखवेल. ‘पूर्ण क्षमतेचा वापर’ म्हणून वरिष्ठांना दाखवायला उत्तम.

सूक्ष्मदर्शकाखाली: चार जोडण्या, एक मायक्रोवेव्ह लिंक

नेमकं काय चाललंय ते पाहायला प्रयोगशाळेतल्या चार यंत्रांवरून विद्यापीठातल्या चार यंत्रांकडे प्रत्येकी 1 मेगाबाइट पाठवलं गेलं, तीन-तीन सेकंदांच्या अंतराने सुरुवात करून. सगळी वाहतूक 230.4 केबीपीएसच्या एका मायक्रोवेव्ह लिंकवरून. लिंकच्या तोंडाशी रांगेत 50 पॅकेटं मावत. प्रत्येक जोडणीची खिडकी 16 किलोबाइट, म्हणजे 32 पॅकेटं. दोन जोडण्यांची 64 पॅकेटंच रांगेबाहेर सांडणार. चौघांची मिळून 128.

जुन्या टीसीपीने एकूण सुमारे 11,000 पॅकेटं पाठवली, त्यांतली 4,000 पुनःप्रेषणाची. लिंकवर डेटासाठी सेकंदाला 25 किलोबाइट जागा होती, म्हणजे सारखी वाटणी झाली असती तर प्रत्येकाला सहाच्या आसपास. प्रत्यक्षात एकाला 8 मिळाले, दोघांना 5 आणि चौथ्याला अर्धा. बळी तो कान पिळी. बेरीज करून पाहा: साधारण 6 किलोबाइट प्रतिसेकंद, जवळजवळ पाव लिंक, कुणाच्याच पदरात पडली नाही.

रांगेचा आकारही बघण्यासारखा आहे. 50 पॅकेटं म्हणजे 27,600 बाइट, 230.4 केबीपीएसला ती निथळायला 0.96 सेकंद लागतात. भरलेली रांग प्रत्येक पॅकेटाला जवळजवळ एक सेकंद उशीर लावते. बफर वाढवा म्हणजे पॅकेटं पडणार नाहीत, ही सूचना आजही बैठकीत कुणीतरी करतंच. पॅकेटं कमी पडतील हे खरं, पण तो एक सेकंद दोन होईल.

दुरुस्ती कशी झाली

तार बदलली नाही; टोकांचं वागणं बदललं. बर्कलीच्या युनिक्स प्रणालीच्या 4.3 बीएसडी ताहो या 1988 च्या आवृत्तीत हे बदल आले आणि 1989 च्या आरएफसी 1122 ने त्यांतले गर्दी-नियंत्रणाचे मूळ नियम सर्वांवर बंधनकारक केले.

पहिला बदल टायमरमध्ये. सरासरीबरोबर विचलनही मोजायचं आणि टायमर = सरासरी + 4 × विचलन. (1988 च्या मूळ मांडणीत 4 च्या जागी 2 होते.) सरासरी 200 मिलिसेकंद आणि विचलन 10 असेल तर टायमर 240 चा; विचलन 150 झालं तर तोच 800 चा. जुना टायमर दोन्ही वेळा 400 वरच बसून राहिला असता: शांत वेळी गरजेपेक्षा सुस्त, गर्दीत नको तितका उतावळा. टायमर संपलाच तर पुढची मुदत दरवेळी दुप्पट करायची.

दुसरा बदल सुरुवातीत. एका पॅकेटापासून आरंभ करायचा आणि प्रत्येक फेरीला दुप्पट करत जायचं. याला नाव ‘स्लो स्टार्ट’, पण फेरीगणिक दुप्पट वाढीला संथ म्हणणं धाडसाचंच. स्लो स्टार्टविना सुरू होणाऱ्या एका जोडणीच्या नोंदीत उपलब्ध वेगाचा फक्त 35 टक्के उपयोग झाला होता आणि डेटाचा एक तुकडा पाच वेळा पाठवला गेला होता.

तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा: पॅकेट पडलं की खिडकी निम्मी करायची आणि मग दर फेरीला एका पॅकेटाने वाढवत जायचं. माघार झपाट्याने, पुढे सरकणं जपून.

तीच चार जोडण्यांची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा 8,281 पॅकेटांतली 89 पुनःप्रेषणाची निघाली, साधारण 1 टक्का. दोघांना 8 किलोबाइट, दोघांना 4.5. पूर्ण समान वाटणी नाही, पण सगळ्याची बेरीज 25 आली. लिंक याही वेळी 100 टक्के भरलेलीच होती! तोच आकडा, तीच लिंक. आधी मोडकळीला आलेली आणि आता निवांत. टक्क्यांचा आकडा एकटा काही सांगत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळायचा नाही.

हे प्रकरण आजच्या लिंकला लावताना

आजचं टीसीपी शहाणं आहे, तारा जाड आहेत. 1 जीबीपीएसवर 1,500 बाइटांचं पॅकेट 12 मायक्रोसेकंदांत चढतं. 95 टक्के भाराला वरच्याच सूत्राने विलंब 240 मायक्रोसेकंद होतो, जो कुणाला जाणवणारही नाही. म्हणून हजारो वापरकर्त्यांची एकत्र वाहतूक असलेली जाड लिंक 80 टक्क्यांवर सुखाने चालते आणि 10 एमबीपीएसची शाखेची लिंक 60 ला कुरकुर करते. पण खरी वाहतूक सूत्रातल्यापेक्षा जास्त धक्क्याधक्क्याने येते, आणि मोजमापातच इतके सापळे आहेत की आधी ते पाहावे लागतात.

पहिला सापळा पाच मिनिटांच्या सरासरीचा. 300 सेकंदांपैकी 60 सेकंद लिंक पूर्ण भरली आणि उरलेले 240 सेकंद 25 टक्के राहिली, तर ग्राफवर 40 टक्के दिसतात. त्या एका मिनिटात मात्र फोनवरचा आवाज तुटलेला असतो. 30 किंवा 60 सेकंदांनी मोजा आणि प्रत्येक कालखंडाचं शिखरही साठवा. जुना डेटा आकुंचित करताना बहुतेक साधनं फक्त सरासरी ठेवतात आणि महिन्याभरात शिखरं विरघळून जातात.

सेकंदाच्याही आत बरंच काही घडतं. 10 जीबीपीएसच्या सर्व्हरने 1 मेगाबाइट एका दमात सोडलं तर ते 0.8 मिलिसेकंदात येऊन आदळतं. पुढची लिंक 1 जीबीपीएसची असेल तर तेवढ्यात 0.1 मेगाबाइट निघतं आणि 0.9 साठवायला जागा लागते. पोर्टच्या (तार जोडण्याच्या तोंडाच्या) वाट्याचा बफर अर्धा मेगाबाइट असेल तर उरलेलं पडलं. 1986 चं इथरनेट आणि गेटवे यांचंच हे धाकटं रूप. असली पडझड वापराच्या कोणत्याच ग्राफवर येत नाही. ती दिसते पोर्टच्या ‘आउटपुट ड्रॉप’च्या, म्हणजे टाकून दिलेली पॅकेटं मोजणाऱ्या, काउंटरवर. वापराचा आणि ड्रॉपचा असे दोन्ही ग्राफ एकाखाली एक काढा. वापर 35 टक्के आणि ड्रॉप वाढते असतील तर विश्वास ड्रॉपवर ठेवा.

काउंटरची रुंदीही तपासा. बाइट मोजणारा 32 बिटांचा काउंटर 1 जीबीपीएसवर पूर्ण वेगाने 34 सेकंदांत फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचला तर तो आठ वेळा फिरून गेलेला असतो आणि ग्राफ भलताच खालचा आकडा दाखवतो. 100 एमबीपीएसच्या वर 64 बिटांचाच काउंटर हवा. शिवाय इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमबरोबर (इथरनेटच्या वेष्टनातल्या पॅकेटाबरोबर) 20 बाइट, सुरुवातीची खूण आणि मधली मोकळी जागा, तारेवर जातात पण या काउंटरमध्ये धरले जात नाहीत. सगळ्या फ्रेम 64 बाइटांच्या असतील तर 1 जीबीपीएसची लिंक ठासून भरलेली असतानाही काउंटरवर 76 टक्केच दिसतील. व्हॉइसची वाहतूक जास्त असलेल्या ठिकाणी हा फरक अंगावर येतो.

आणि नेहमी दिसणारी चूक: पोर्ट 1 जीबीपीएसचा, पण सेवादात्याकडून घेतलेला वेग 200 एमबीपीएस. मोजणीचं साधन पोर्टच्या क्षमतेने भागतं आणि लिंक तुडुंब असताना 20 टक्के दाखवतं. इंटरफेसवर खरा वेग नोंदवा. त्याबरोबर आपल्या राउटरवर 190 एमबीपीएसचा शेपर (वेग आवळून धरणारी सोय) लावा, म्हणजे रांग आपल्याकडे लागेल, जिथे व्हॉइसला पुढे काढता येतं. नाहीतर सेवादात्याच्या बाजूला जादा पॅकेटं प्राधान्य न बघता कापली जातात.

लिंक जोडीने घेतल्या असतील तर हिशेब वेगळा होतो. एक पडली की दुसरीवर दोघींचा भार. वाचलेल्या लिंक 80 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असं ठरवलं तर दोन लिंक असताना प्रत्येकीला 40 टक्के, तीन असताना 53, चार असताना 60. ‘50 टक्क्यांचा नियम’ म्हणतात तो इथला, आणि तोही काठावरचा, कारण 50 अधिक 50 म्हणजे बरोबर 100 आणि वर श्वास घ्यायला जागा नाही. दोन्ही लिंक 65 टक्क्यांवर नेऊन ठेवलेल्या जोडीला पर्यायी व्यवस्था म्हणू नये. ती एकच लिंक आहे, दोन बिलांची. एकत्र बांधलेल्या चार तारांत वाटणी हॅशने, म्हणजे पॅकेटाच्या पत्त्यांवरून काढलेल्या आकड्याने, होते, समान होतेच असं नाही. गठ्ठ्याचा ग्राफ 60 दाखवत असताना त्यातली एक तार 95 वर असू शकते. प्रत्येक तारेचा ग्राफ स्वतंत्र हवा.

95 व्या शतमानाबद्दल (वरच्या 5 टक्के नोंदी वगळून उरलेला सर्वात मोठा आकडा) एवढंच: 30 दिवसांत पाच-पाच मिनिटांच्या 8,640 नोंदी होतात, त्यांतल्या वरच्या 432 सोडून द्यायच्या, म्हणजे 36 तास. बिल करायला ही पद्धत ठीक. क्षमता ठरवताना नेमके हेच 36 तास पाहायचे असतात. कामाच्या दिवसांत वाटले तर रोजचा दीड तास गर्दीचा निघतो.

वापर वाढवायचाच असेल तर तोही मार्ग आहे. गुगलने 2013 मध्ये आपल्या बी4 या डेटा सेंटरांमधल्या नेटवर्कची माहिती प्रसिद्ध केली. त्यात कित्येक लिंक जवळजवळ 100 टक्क्यांवर चालवल्या जात आणि दीर्घकालीन सरासरी 70 टक्के पडे. एरवीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यांत 30 ते 40 टक्क्यांची प्रथा असताना. हे जमलं ते दोन्ही टोकं त्यांच्या ताब्यात होती म्हणून. कुठल्या कामाने किती पाठवायचं हे उगमापाशीच आवळलेलं होतं, आणि लिंक पडली तर थांबू शकणारी मोठमोठी प्रतींची कामं बाजूला सारता येत होती. टोकांवर ताबा नसताना फक्त टक्क्यांची नक्कल केली तर 1986 हाती येईल.

कारण जुना आजार पूर्ण बरा झालेला नाही. तो टीसीपीमधून निघून वरच्या थरात जाऊन बसला आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी पान उघडायला उशीर झाला की प्रत्येक घरातून ‘रिफ्रेश’ दाबलं जातं, दर दोन सेकंदांनी, दोन-तीन फोनवरून. प्रत्येक दाबणं ही नवी जोडणी असते. आधीची मागणी सर्व्हरच्या रांगेत उभीच असते आणि तिचं उत्तर तयार होतं तेव्हा ते घ्यायला कुणी नसतं. टीसीपी प्रत्येक जोडणीला शिस्त लावतं, पण जोडण्या किती उघडाव्यात याला शिस्त लावत नाही. उपाय मात्र तोच, फक्त तो ॲप लिहिणाऱ्याने करायचा: पहिल्या अपयशानंतर 1 सेकंद थांबा, मग 2, 4, 8, आणि प्रत्येक मुदतीत थोडा यादृच्छिक फरक ठेवा, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी परतणार नाहीत. सर्व्हरच्या बाजूने रांगेची लांबी बांधून ठेवा. ती भरली की मागणी ताटकळत न ठेवता लगेच 503 चं (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’) उत्तर द्या आणि किती सेकंदांनी परत यायचं ते ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये सांगा. निकालाचं पान साधं, आधीच तयार करून ठेवलेलं, 20-30 किलोबाइटांचं असावं. 25 किलोबाइटांचं पान 1 जीबीपीएसच्या लिंकवरून, 70 टक्के भार धरून, सेकंदाला 3,500 जणांना देता येतं. त्याच पानावर 2 मेगाबाइटांची चित्रं चिकटवली की हा आकडा 43 वर येतो.